मामाने सांभाळलेला नकाशा

आमचा मामा नगररचना कार्यालयात जुने नकाशे सांभाळायचा. संशय त्याच्या रक्तातच होता. कोणी गोड बोललं की यात काहीतरी काळंबेरं आहे, असं तो धरूनच चालायचा.

त्यामुळे विद्यापीठातल्या एक बाई आमच्या गल्लीचा जुना नकाशा मागायला आल्या, तेव्हा त्याने कान टवकारले. शहराचा आराखडा आखताना कोणाकोणाच्या जमिनी कशा गेल्या, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं म्हणे. पायात झिजलेल्या चपला, बोलणं मऊ. मामाच्या मते बिल्डरची माणसं हल्ली अशीच येतात. त्यातच गल्लीवरून नवा रस्ता जाणार अशी कुणकुण होती, आणि गल्लीतलं तिसरं घर आमचं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचं.

त्याने अर्जावर शेरा मारला, ‘नकाशा आढळून येत नाही.’ वर शिक्काही उमटवला. मग नकाशा डब्याच्या पिशवीतून आमच्याकडे आणून कपाटात साड्यांखाली ठेवला. आता कोणाच्या बापाला सापडणार नाही, असं त्याने आईला सांगितलं. आम्हीही खुळ्यासारखे खूश झालो.

दोन महिन्यांनी नोटीस आली. गल्लीची जुनी नोंद नाही, सबब घरं अनधिकृत. त्याच आठवड्यात बाई अर्जाची प्रत घेऊन घरी आल्या. गल्ली आराखड्याच्या आधीची आहे, हे दाखवायला त्यांना तो एकच कागद हवा होता. मामा समोरच बसला होता, मान खाली घालून. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

सुनावणीला मामा नकाशा घेऊन गेला, सोबत मी. अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, कोपऱ्यातला जुना शिक्काही निरखला.

“दप्तरात नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग हा आला कुठून?”

“बहिणीच्या कपाटातून.”

“त्याच गल्लीत राहतात ना त्या?”

मामा हो म्हणाला. असे जुने शिक्के हल्ली कुठेही बनवून मिळतात, असं म्हणत अधिकाऱ्याने नकाशा गुंडाळून परत दिला. हा धरता येणार नाही, पुढचे या.

जिना उतरताना मामा मध्येच थांबला.

“ताईला तू सांगशील का?”