धाकट्याचं नाणं

एका शनिवारी दुपारी आमच्या घरात दादाला मारलं. मी स्वयंपाकघरात होते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. दादा सातपूरला टर्नर होता. शनिवारी त्याला सुट्टी, म्हणून लोक त्या दिवशी जुनी नाणी घेऊन यायचे. भिंगाखाली ठसे वाचून नाणं कोणत्या राजाचं ते तो सांगायचा.

त्या दिवशी सटाण्याकडचे दोन भाऊ आले. नुकत्याच वाटण्या झालेल्या. दोघांच्या वावरांमधल्या बांधात सोन्याचं नाणं निघालं होतं, वाटीसारखं खोलगट, मध्ये कमळ. जिन्यातच त्यांचं जुंपलं होतं.

"बांध मन्हा शे," थोरला म्हणत होता.

"मायना पोटमातून पहिले निंघना म्हनीसन सम्दं तुन्हंच का?"

दादानं त्यांना बसवलं आणि नाणं उजेडाकडे धरलं. देवगिरीच्या यादवांत दोन सख्खे भाऊ एकामागून एक राजे झाले. दोघांची नाणी सारखीच. नाव वाचता आलं तरच फरक कळतो. नावाचा ठसा झिजलेला होता. दादानं नाणं भिंगाखाली घेतलं.

"कोन्हं शे, भाऊ?" थोरल्यानं विचारलं.

"धाकट्याचं," दादा मान वर न करता म्हणाला. "धाकट्याचंच."

धाकट्यानं हसत हात पुढे केला. थोरल्यानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात फरशीवर पडला. थोरला त्याच्या छातीवर बसला आणि त्याचं डोकं आपटू लागला. "अहो, मी राजाचं सांगतोय!" दादानं त्याला मागे ओढलं. तेवढ्यात धाकटा सुटला, स्वयंपाकघरात शिरला, माझ्यासमोरचा वरवंटा उचलून बाहेर धावला. घाव थोरल्यावर होता. दादा मध्ये आला.

वरवंट्याची चटणी दादाच्या कपाळाला लागली होती. मी ती पदरानं पुसली, तेव्हा खालचं हाड हललं.

तो दुसऱ्या दिवशी गेला. खटल्यात वकिलानं मला विचारलं, "नाणं खरंच धाकट्याचं होतं का?" मला नाणी वाचता येत नव्हती. पुढे सहा-सात वर्षं मी नाण्यांवरची लिपी शिकले, जप्त झालेलं नाणं पाहता यावं म्हणून अर्ज केले. शेवटी एका कचेरीत, शिपायासमोर, ते नाणं मला दहा मिनिटं पाहू दिलं.

नावाच्या जागी मला फक्त एक 'ह' वाचता आला. तो दोन्ही राजांच्या नावांत आहे.