तळव्याखालचा ठेका

दाराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. दूध आणलं की आधी स्वतः हुंगायची, मग नवऱ्याच्या नाकाखाली धरायची. सासूने तिचं नाव शंकाबाई ठेवलं होतं. "हिला देव भेटला तरी ओळखपत्र मागेल," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पाखरं सांभाळायची नोकरी तिला मिळाली आणि टिकली ती याच स्वभावामुळे. प्राण्यांना ताल कळतो का, याचा अभ्यास करणारी ती प्रयोगशाळा होती. पिंजऱ्याची कडी नीट बसली का, दाणे दमट तर नाहीत ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारं माणूस तिथे हवंच होतं. सगळ्यांत मानाचा पक्षी म्हणजे एक म्हातारा पांढरा काकाकुवा. सगळ्यांना ताटकळत ठेवायचा म्हणून त्याला साहेब म्हणत. ढोलाचा आवाज लावला की साहेब मान वरखाली करायचे. ठेका जलद केला की मानही जलद.

"ताई, गंमत बघा," प्रयोग करणाऱ्या मॅडम एकदा म्हणाल्या. "माकडं आपली जवळची. पण त्यांना ठेका धरणं अवघड जातं. ऐकलेल्या आवाजाची नक्कल करणाऱ्या या पाखरांपैकी काहींना मात्र तो सापडतो. म्हणून काही जणांना वाटतं, की ताल धरणं आणि बोलायला शिकणं यांचं मूळ कुठेतरी एकच असावं. माणसाला भाषा आली कशी, त्याचा धागा इथे मिळेल."

"वाटतं, की आहे?"

"वाटतं. अजून सिद्ध व्हायचंय."

एरवी तिने हा 'वाटतं' शब्द चिमटीत धरून उन्हात बघितला असता. पण घरी ठमी होती. तिची मुलगी, तीन वर्षांची होत आलेली, आणि अजून एक शब्द बोललेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, काही मुलं उशिरा बोलतात. तिला डॉक्टरांची शंका आली. दिवसभर टीव्ही लावून ठेवणाऱ्या सासूची आली. गरोदरपणात आपण घेतलेल्या तापाच्या गोळ्यांचीही आली. शंका नव्हती ती एकाच गोष्टीची, ठमीच्या तालाची.

नवरा सुतार. पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं. संध्याकाळी तो लाकडी हातोडीने टेबलावर ठेका धरायचा, आणि स्टुलावर उभी राहिलेली ठमी दोन्ही तळवे टेबलावर टेकवून डोलायची. तो मुद्दाम मध्येच एक ठोका गाळायचा. ठमी डोलायची थांबायची आणि मान वर करून बापाकडे बघायची, राहिलेला ठोका मागितल्यासारखी.

"बघ, चोरी पकडते," तो म्हणायचा. "ऐकू येत नसतं तर पकडली असती का? बोलेल गं. सवडीने बोलेल."

आणि शंकाबाईने चक्क विश्वास ठेवला. ज्याला ठेका सापडतो त्याला शब्दही सापडणार, असं गणित तिने मॅडमच्या बोलण्यावरून जुळवलं आणि रात्री सुखाने झोपू लागली.

मग एके सकाळी मॅडमनी साहेबांच्या पिंजऱ्याखाली जाड स्पंज घातला आणि आवाजाचा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर नेला.

"हे कशाला?"

"आतापर्यंत दोन्ही एकाच टेबलावर होतं, ताई. टेबल थरथरतं. साहेब ऐकून डोलतात की पायाला जाणवतं म्हणून डोलतात, हे आधी बघायला हवं."

ढोल सुरू झाला. साहेब स्पंजावरही तसेच डोलले. मॅडम खूश झाल्या.  शंकाबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

त्या संध्याकाळी तिने ठमीला स्टुलावर चढू दिलं नाही. जमिनीवर गादी दुहेरी घालून, टेबलाकडे पाठ करून तिला बसवलं.

"आता वाजवा. नेहमीसारखं."

नवऱ्याला क्षणात कळलं. "ती पक्षी नाही, माझी पोरगी आहे."

"माझीही आहे."

"झालं हिचं सुरू," सासू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "जरा कुठे चांगलं चाललेलं बघवत नाही."

त्याने हातोडी उचलली आणि वाजवायला लागला. ठमी उशीच्या अभ्र्याचं बटण पिळत होती. त्याने ठोका गाळला. बटण पिळणं चालूच. मग तो जोरात वाजवू लागला, आणखी जोरात, टेबलावरचे खिळे उड्या मारू लागले, पटाशी खाली पडली. ठमीने बटण तोंडात घालून बघितलं.

"लक्ष नाही तिचं," सासू पुढे येत म्हणाली. "मी बोलावते. माझ्या हाकेला रोज येते."

"आई, जाऊ नका. तिथूनच हाक मारा."

सासूने हाक मारली. पुन्हा मारली. ठमी वळली नाही.

"तुम्ही रोज खांद्यावर हात ठेवून हाक मारता," ती हळूच म्हणाली.

"मग काय लांबून ओरडू? लेकरू आहे, ढोर नाही," सासू म्हणाली, पण तिचा आवाज अर्ध्यातच बसला.

नवऱ्याने हातोडी इतक्या अलगद ठेवली, की तिचा आवाजच झाला नाही.

कान तपासायच्या खोलीत ठमी बापाच्या मांडीवर बसली. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई बटणं दाबत होत्या.

"तिला तुमचा हात हलताना दिसतोय," शंकाबाई म्हणाली.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची फिरवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

जाड आवाज थोडेफार पोचतात, बारीक जवळजवळ नाहीत, असं निघालं. कानाला यंत्र लागेल, रोज शिकवावं लागेल. "वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. शंकाबाईला वाटलं, हे सगळ्यांनाच सांगत असतील. म्हणून तिने तसं स्पष्टच विचारलं. "थोडी गेली आहे. आता मात्र घालवू नका." या उत्तरावर तिचा विश्वास बसला.

बाहेरच्या बाकावर ठमी आईच्या मांडीवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"रडेल ती."

"रडू दे. पण हिच्यासमोर नको. हिला चेहरे कळतात. तुम्हीही, इकडे वळायच्या आधी डोळे पुसा."