आईवर कोणतंच कलम नाही

नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर एक कडुनिंब आहे. मोठ्या गुन्ह्याची तारीख असली की वार्ताहर माईक घेऊन त्याच्या सावलीत थांबतात आणि आरोपीचा वकील म्हणून मी त्यांच्यासमोर उभा राहतो. खून, दरोडा, अपहरण, काहीही असो, मी ते सोपं करून सांगतो अशी माझी ख्याती आहे. निदान माझी तशी समजूत आहे. बायकोचं मत वेगळं. "तुम्ही तासभर बोलता अन् ते चिमूटभर दाखवतात," ती म्हणते, "त्यातबी तुम्ही केसच सारखे करून राहिले असता."

तिचं खोटं नाही. एकदा मी तळमळीने सांगितलं, "हल्ला झाला हे खरं, पण तो माझ्या अशिलाने केला हे अजून सिद्ध व्हायचं आहे." संध्याकाळी बातम्यांत त्यातलं पहिलं अर्धंच आलं आणि खाली पट्टी फिरली: आरोपीच्या वकिलाची कबुली! बाररूममध्ये पुढचे कितीतरी दिवस मला कोणी सुखाने चहा पिऊ दिला नाही.

म्हणून सावनेरच्या एक बाई महाल भागातल्या माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मी जरा सावधच होतो. त्यांच्या मुलावर शेजारच्या गल्लीतल्या माणसाचा जीव घेण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. तो माणूस बरेच दिवस दवाखान्यात होता, पण वाचला. मुलगा तुरुंगात, नवरा कोळशाच्या खाणीत पाळीवर, घरात या एकट्या. दुसऱ्या दिवशी जामिनाची सुनावणी होती. मी कलमं समजावून सांगायला लागलो तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते तुम्ही कराच साहेब. पोराचं जे व्हायचं ते कोर्टात होईन. पण टीव्हीवर बोलसान तर माह्यासाठी एवढं सांगून द्या, का माह्या घरी यायले कोणाले बंदी नाही. संक्रांत आली. दिवाळीपासून एक बाई माह्या घरची पायरी चढून नाही राहिली."

"बंदी घातली कोणी?" मी वकिली थाटात विचारलं.

"कोणीच नाही घातली. तेच तर! घातली असती तर तुमच्याकडून अर्ज नसता का लावला? हळदीकुंकवाले एक तरी बाई आली पाहिजे साहेब. एक आली का बाकीच्या येतात."

इतकी वर्षं वकिली केली, पण अशी मागणी माझ्याकडे कोणी केली नव्हती. खरं सांगतो, मला त्या फार आवडल्या.

जामीन झाला. अट अशी की मुलाने सावनेर तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, म्हणून तो कळमेश्वरला मामाकडे गेला. कडुनिंबाखाली मी नेहमीसारखा सुरू झालो. जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला अजून चालायचाय, वगैरे. मग म्हणालो, "आणखी एक. या प्रकरणात आरोपी एकच आहे. त्याच्या आईवर कोणतंच कलम नाही. तिच्या घरचा तिळगूळ खाणं हा आपल्या देशात अजून तरी गुन्हा ठरलेला नाही." वार्ताहर हसले. संध्याकाळी बघतो तर जामीन, खटला सगळं कापलेलं, आणि तिळगूळ तेवढा अख्खा! बायको म्हणाली, "आज केसाले हात नाही लावला तुम्ही."

संक्रांतीनंतर बाईंनी माझ्या बायकोला आग्रहाने हळदीकुंकवाला बोलावलं. गाडी मी चालवली. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? मी बाहेर गाडीतच बसलो. दारात रांगोळी, आत सतरंजी, आणि सतरंजीवर माझी बायको एकटी. समोरच्या घरांच्या दारांतून डोकी दिसत होती, पण पाय कोणाचेच बाहेर पडत नव्हते. मला वाईट वाटलं, आणि माझ्या टीव्हीवरच्या वक्तृत्वाचा रागही आला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई सरळ या घराकडे येताना दिसली. चेहरा बघितला आणि माझं धाबं दणाणलं. ती जखमी माणसाची बायको होती. खटल्यातली मुख्य साक्षीदार! आरोपीच्या घरी साक्षीदार आणि दाराशी आरोपीचा वकील. पट्टी तर मला तिथेच फिरताना दिसली: साक्षीदारावर दबाव! मी गाडीतून उडी मारली आणि हात जोडून आडवा उभा राहिलो.

"ताई, तुम्ही इथे येऊ नका. कायद्याच्या दृष्टीने हे..." आणि मी समजावायला लागलो. कलमासकट.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी जे पाह्यलं ते कोर्टात सांगीन. तसूभर कमी नाही करणार. तुम्ही काय विचारायचं ते तिथं विचारा. आज मी काकूकडे आलो. आईवर कलम नाही, हे टीव्हीवर तुम्हीच सांगलं ना?"

मी बाजूला झालो. दुसरं करणार काय?

दारातून मला आतलं दिसत होतं. काकूंनी तिला हळद लावली. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि हात हवेतच थांबला. हे कुंकू पुसायची वेळ तिच्यावर येऊन टळली होती, आणि ती आपल्या मुलामुळे आली असं सगळं गाव म्हणत होतं. बोटावरचं कुंकू तिच्या पदरावर सांडलं. तेव्हा त्या बाईने काकूंचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट स्वतःच आपल्या कपाळाला टेकवलं.

"आता तिळगूळ दे वं काकू," ती म्हणाली, "घरी त्याइच्या दवाईची वेळ झाली."