तात्यांच्या नावावर माझं दुःख

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दूध प्लान्ट होता. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं मी तिथं टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आला, कोणाचा खाडा, कोणाची रजा, हे मस्टरवर मांडायचं. मी स्वतः आलो की नाही हेही मीच मांडायचो. त्या ऑफिसात बसून मी एका माणसाशी वाईट वागलो, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. वाईट म्हणजे मारामारी नाही, चोरी नाही. माझं दुःख मी त्याच्या नावावर चढवलं.

तो माणूस म्हणजे आमचे तात्या, राहणार सणसर, वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. धक्क्यावर दुधाचे कॅन उतरले की झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. फॅट मोजायचं यंत्र होतं, पण दुधाची कुरबूर आधी तात्यांच्या नाकाला कळायची. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. शंभरात आपलं कोकरू ओळखावं तसे तात्या कॅन ओळखायचे.

"ह्यो पणदऱ्याचा. म्हशीनं काल कडवळ खाल्लंय."

"तात्या, म्हशीचं नाव बी सांगा की!"

"म्हशीचं न्हाय सांगत. पर तू पाणी कुठल्या हिरीचं घातलंस ते सांगू का, हितंच, सगळ्यांफुडं?"

सकाळी धक्क्यावर असा हशा चालायचा आणि तो मला टाइम ऑफिसच्या जाळीतून ऐकू यायचा. इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही. म्हणूनच जे केलं ते जास्त टोचतं.

एकदा पुण्याहून एक बाई आल्या. पीएच.डी. करत होत्या. कामगारांचं मानसिक स्वास्थ्य, कामातलं समाधान, सहकाऱ्यांशी संबंध, असा काहीसा विषय. सोबत चार पानी छापील प्रश्नावली. प्रत्येक वाक्यापुढं पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून त्यांनी नीट समजावलं, "बरोबर-चूक असं काही नाही. वाटतं ते लिहा. नाव मात्र लिहायचं नाही. कोणाचं उत्तर कोणतं हे कोणालाही कळणार नाही."

बॉयलरवाल्यानं हात वर केला. "नाव न्हाय लिवलं तर कागद माझा हाय हे तुमास्नी कसं कळणार?"

"कळायलाच नको."

"मग भरायचा कशाला?"

बाईंनी पुन्हा समजावलं. पण बिनसहीचा कागद ऑफिसात द्यायचा म्हणजे आमच्याकडं लोकांना उघड्या अंगानं लग्नाला गेल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी स्वतःचं नाव, वडलांचं नाव, मुक्काम पोस्ट, खातं, सगळं लिहून खाली सह्या ठोकल्या. दोघांनी अंगठे लावले. उत्तरंही एकजात. 'मला काम करताना आनंद वाटतो' : पूर्ण सहमत. 'मला कामाचा कंटाळा येतो' : तेही पूर्ण सहमत. छापून आलेल्या कागदाशी असहमत कशाला व्हायचं!

पाच-सहा जणांनी कागद माझ्याकडून लिहून घेतले. तात्या जाता जाता म्हणाले, "भाऊसाहेब, माझं बी भरा. समदं झ्याक हाय म्हणून लिवा. जागा उरली तर म्हशी बी झ्याक हायत म्हणून लिवा." मी हो म्हटलं आणि विसरलो.

कारण मी माझ्या कागदात गुंतलो होतो. बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं, मराठीचा वर्ग भरला होता म्हणून. त्यामुळं त्या प्रश्नावलीवर मनापासून विश्वास ठेवणारा सबंध प्लान्टात मीच एकटा. नाव लिहिलं नाही. खरी उत्तरं दिली. शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' म्हणून आठ टिंबटिंब ओळी होत्या. त्या पुरल्या नाहीत. समासात लिहिलं, मग पानामागं लिहिलं. रोज पासष्ट माणसं आली की नाही ते मी बघतो, मी आलो की नाही ते कोणी बघत नाही. एखाद्या सकाळी सगळं सोडून निघून जावंसं वाटतं, कुठं ते माहीत नाही. वगैरे. पंचविशीतला माणूस जसं लिहितो तसंच. पण खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

गठ्ठा दुपारी ऑफिसात राहिला. बाई जेवायला गेल्या होत्या. आमचे मॅनेजरसाहेब मऊ मनाचे गृहस्थ. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते बसून न वाचता उभ्याउभ्या वाचलं. मग मला हाक मारली.

"माणूस तुटलाय रे. आपल्या प्लान्टात! आणि आपल्याला पत्ता नाही." त्यांच्या हातात माझा कागद होता. "मस्टर घे. ज्यांची नावं कागदावर आहेत ती मांडत जा. उरेल तो हा."

मी मांडत गेलो. शेवटी दोन नावं उरली. तात्या आणि मी.

"तुझा कुठंय?"

"टेबलावर राहिलाय साहेब, आणतो."

बाहेर आलो, कोरी प्रश्नावली घेतली, चार मिनिटांत पूर्ण सुखी झालो आणि नाव-सहीसकट नेऊन दिली.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "अक्षर तुझंच वाटतंय."

"तात्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं."

"शब्दशः?"

"शब्दशः."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तो हसतो ते वरवरचं."

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. साहेब माझ्याशीही प्रेमानंच बोलले असते. त्या प्रेमानं बोलण्याचीच मला धास्ती वाटली.

दुपारी बाई परतल्या, सुटलेला गठ्ठा आणि शेजारी उघडं मस्टर पाहिलं आणि पांढऱ्या पडल्या. "साहेब, असं नाव शोधायचं नसतं हो!"

"तुम्ही शोधू नका, बाई. आमचा माणूस आहे, आम्हाला शोधावं लागतं."

बाईंनी गठ्ठा पिशवीत भरला आणि गेल्या. ठरलेल्या दुसऱ्या फेरीला त्या आल्याच नाहीत. इकडं साहेबांनी चार प्रमुख माणसांना बोलावून सांगितलं की ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. त्यामुळं चहापर्यंत ती कॅन्टीनला कळली आणि दिवस मावळायच्या आत सणसरला पोचली.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांवर माया सुरू झाली. धक्क्यावरची दगदग नको म्हणून त्यांना स्टोअरमध्ये पंख्याखाली खुर्ची मिळाली. समोर रिकामी बुचं आणि रबरी वायसर, त्यांना कसला वास येणार! कॅन्टीनवाला त्यांच्या चहात दुप्पट साखर घालू लागला. दूधवाले भेटायला यायचे, पण चेष्टा करायची नाही असं ठरलेलं, त्यामुळं नुसते टोपी काढून उभे राहायचे.

"कोण मेलं का रं?" तात्या विचारायचे.

"न्हाय तात्या. तुमी बसा निवांत."

"मला काय बी झालं न्हाय!"

"सुरवातीला असंच वाटतं," बॉयलरवाला म्हणायचा. मानसिक आजारातलं त्याला काय कळत होतं देव जाणे, पण मान हलवायचा डॉक्टरासारखी.

घरी याहून वाईट. सगळं सोडून निघून जायचंय, असं नवऱ्यानं कागदावर लिहून दिलंय, हे वहिनींना एस.टी. थांब्यावर भलत्याच बाईकडून कळलं. 'सगळं' म्हणजे कोण, याचा अर्थ त्यांनी लगेच लावला. कन्हेरीहून त्यांची आई आली आणि उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. तात्यांचा परीटघडीचा सदरा कुलपात गेला. ते बाजारला निघाले की वहिनी चप्पल घालून मागं.

पंधरा दिवसांत तात्या खरोखरच उतरले. गाल आत गेले, बोलणं तुटलं. साहेब मला समाधानानं म्हणाले, "बघ, आता कसं मोकळेपणानं दिसायला लागलंय."

एके दिवशी तात्या माझ्या जाळीसमोर येऊन उभे राहिले. "भाऊसाहेब, तुमी लिवलं ते काय लिवलं वो? मी तर झ्याक हाय म्हणून सांगितलं हुतं."

हाच क्षण होता. जाळीच्या अलीकडं मी, पलीकडं ते, मध्ये हात जाईल एवढी फट.

"काहीतरी गडबड झाली, तात्या. बघतो मी."

"बघा जरा. घरी लई वंगाळ चाललंय. परसाकडं निघालो तरी सासू इचारती, पावनं, परत येणार न्हवं?"

मला हसू आलं. तेही हसले, महिन्यात पहिल्यांदा. आणि मी काही बघितलं नाही.

त्यांना मी सोडवलं नाही, आंबलेल्या दुधानं सोडवलं. त्यांच्या जागी बसवलेल्या माणसाला सर्दीचा कोठा होता. एका सकाळी नासकं दूध टाकीत गेलं आणि टाकीतलं सगळं दूध फाटलं. साहेबांनी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन तात्यांना हाताला धरून धक्क्यावर आणलं. दूधवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लान्टातलं प्रकरण मिटलं. घरचं मिटलं नाही, हे मला ठाऊक होतं, कारण बाजारच्या दिवशी वहिनी तात्यांमागं चालताना मला दिसायच्या. सहा महिन्यांनी मला पुण्याला नोकरी लागली. निरोपाचा पेढा तात्यांच्या हातावर ठेवला, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या पुण्याच्या ऑफिसात मानसिक स्वास्थ्याचं शिबिर झालं. समोरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, मनावर काही ओझं आहे?" मी नाही म्हणालो आणि पुढच्या रविवारी सणसरची गाडी धरली.

तात्या आता पंचाहत्तरीला आलेले. अंगणात बाजेवर बसले होते. वहिनी शेंगा फोडत होत्या. मी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर चहा पिऊन परत आलो असतो.

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे ते लिवलेलं तुमचं?"

"माझं."

"माझी आई जाताना माझा हात धरून म्हणाली, पावन्यावर ध्यान ठेव. शेवटचा शबुद हा." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तिला कोण सांगणार आता?"

मी खाली सांडलेली टरफलं गोळा करू लागलो.

"जाऊ दे की आता," तात्या म्हणाले.

"तुमी गप बसा!" असं म्हणून त्यांनी कुंपणावरून शेजारच्या आबांना हाक मारली. नव्वदीचे आबा काठी टेकत आले. मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई मोठ्या मनाचं पोरगं हाय. दोस्तासाठी अंगावर घेतंय."

"आबा, खरंच माझं होतं ते—"

"आरं, सायबानं वाचलेला कागद हाय. आन आमी ह्याचं त्वांड बघितलं हुतं त्या टायमाला. असं वाळलं हुतं!"

"ते तुमच्यामुळंच वाळलं हुतं," तात्या कळवळून म्हणाले.

पण वहिनींच्या डोळ्यांत तो जुना संशय परत आला. मी तो येताना पाहिला. "खरं सांगा, भाऊसाहेब. ह्यांनीच बोलावून घेतलं न्हाय न्हवं तुमास्नी, हे असं सांगाया?"

तीस वर्षांनी खरं बोलायला गेलो तर ते परत तात्यांच्याच अंगावर पडत होतं. मग मी बोलायला लागलो. जे कधी कागदावरही लिहिलं नव्हतं ते. बारामतीत माझी भाड्याची खोली होती. सुट्टीच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर जाऊन बाकावर बसायचो. अकलूज, फलटण, सोलापूर, पाट्या वाचायचो. बसायचो मात्र कुठल्याच गाडीत नाही. शेंगदाणे खायचो आणि परत. एकदा खानावळीच्या मावशींनी विचारलं, "गावाला गेला होता का, तीन दिवस दिसला नाही?" तीनही दिवस मी त्यांच्या समोरच जेवलो होतो. त्यावर मी "हो, गेलो होतो" म्हणालो. आणि ऑफिसात आलो तेव्हा माझ्या नावापुढं तीन दिवसांचे खाडे लिहावेत की काय, असं वाटत मस्टरपुढं बसून राहिलो. हे सगळं सांगितलं, आणि आवाज किती चढला होता ते थांबल्यावर कळलं.

वहिनी नीट ऐकत होत्या. मग शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"बास. हे ह्यांचं न्हाय. ह्यांच्या डोक्यात एवढं येतच न्हाय."

"म्हंजे काय म्हणायचंय तुला?" तात्या बाजेवर उठून बसले.

"तुमच्या डोक्यात म्हशी हायत. दुसरं कायबी न्हाय."

"मला बी येत्यात की इचार!"

"एक सांगा बघू. एक."

तात्यांनी बराच वेळ विचार केला. वहिनी तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आणि त्या थांबेनात म्हणून तात्या अजूनच चिडले. मी तोवर गाडीच्या वेळेनं उठलो. आबा काठी टेकत थांब्यापर्यंत सोबत आले. गाडी दिसल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच कानात म्हणाले, "काळजी करू नगंस, पोरा. तू अंगावर घेतलंस हे मी कुणाला सांगणार न्हाय."