नारळ देवाचो

संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हापासून घाटकोपरच्या आमच्या चाळीतले एक मालवणी शेजारी गॅलरीत मशीन टाकून कपडे शिवत. स्वतःच्या दुकानाचा विषय निघाला की तोंडात टाचणी धरूनच म्हणत, "देवान ठरवलेला आसा." देवाच्या कारभाराबद्दल माझं, एका शाळामास्तराचं, मत फारसं बरं नव्हतं, पण यांच्या काजांना नाव ठेवता येत नसे.

अखेर स्टेशनजवळचा एक गाळा ठरला. मुहूर्ताच्या सकाळी आम्ही शेजारी जमलो आणि नेमका तेव्हाच निरोप आला की मालकाने गाळा दुसऱ्याला दिला.

त्यांनी पूजेचा नारळ उचलला.

"दुकान नाय, मगे नारळ कित्याक?" त्यांची बायको रडवेली झाली होती.

"नारळ दुकानाचो नाय गो, देवाचो."

मग त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो गाळो गेलो. ह्येच्यापेक्षा बरो तुझ्या मनात आसतलो, तो दी रे म्हाराजा!"

यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सगळे खाली बघत राहिले. शेवटी मीच पुटपुटलो.

"मोठ्यान बोला ओ, मास्तर," ते म्हणाले, "तो आधीच उशिरान आयकता."