राईतली पाच फुटी वाट

शुभांगीताईंची व्हीलचेअर किंजळाच्या मुळांत अडकली ती अडकलीच. मागून मी ढकलत होते, पुढून जोगळेकर सर ओढत होते, आणि मुळं आम्हाला दाद द्यायला तयार नव्हती. शेवटी सर म्हणाले, "ताई, दोन माणसं बोलावतो. खुर्चीसकट उचलून नेऊ."

"नको. उचलून न्यायला मी काय पालखी आहे? माझी मला जायचंय."

देवीचं देऊळ झाडांतून समोर दिसत होतं. तिथूनच आम्ही मागे फिरलो.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. रत्नागिरीत माझं छोटंसं ऑफिस आहे. बंगले, संरक्षक भिंती, पावसाळी गटारं, असली कामं मी करते. जोगळेकर सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि शहराच्या हद्दीत उरलेली ही एक देवराई राखायला त्यांनी संस्था काढली. देवराई म्हणजे देवीच्या नावाने सोडलेलं रान. तिथली वाळकी काटकीही कोणी चुलीत घालत नाही. चारी बाजूंनी अपार्टमेंटं उभी राहिली, पण आत शिरलं की अजून भर दुपारी अंधारल्यासारखं होतं. सरांचं म्हणणं, रान नुसतं राखून भागत नाही, लोकांना त्यात जाता आलं पाहिजे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनाही.

शुभांगीताई राईखालच्या वाडीतल्या माहेरवाशीण. जन्मभर शाळेत शिकवलं आणि रिटायर व्हायच्या आधीच आजारपणात पाय गेले. त्यानंतर राईत जायचा त्यांचा हा पहिलाच प्रयत्न होता. वाट करायची ठरली ती त्यांच्यामुळे.

व्हीलचेअरच्या वाटेचा नियम साधा असतो. एक फूट चढायचं तर निदान बारा फूट लांबी हवी, नाहीतर हात भरून येतात आणि खुर्ची मागे घसरते. म्हणून मी वाट सरळ न नेता झाडांना वळसे घालत नेली. एकही झाड तोडलं नाही. सिमेंट वापरलं नाही. जांभ्याचा चुरा थराथराने अंथरला, पाणी मारून धुम्मस केलं, म्हणजे ठोकून घट्ट बसवला, कडेला चिरे बसवले. रुंदी पाच फूट ठेवली, म्हणजे खुर्चीच्या बाजूने सोबतीच्या माणसाला गप्पा मारत चालता येईल. वळणं ऐसपैस दिली, कारण व्हीलचेअरला वळायला जागा लागते. ड्रॉइंग बघून मीच माझ्यावर खूश होते.

पण राईत देवीला विचारल्याशिवाय काही करता येत नाही. कौल लावावा लागतो. गुरव मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली. गाऱ्हाण्याचे शब्द सांगितले मुख्य मानकऱ्यांनी, बाळा सुर्व्यांनी. "आई, लेकीबाळींनी, थकल्याभागल्यांनी तुज्या पायाशी यावं म्हणून वाट करायची हाय. तुजी आज्ञा दे." उजवी कळी टपकन पडली. देवावर फारसा विश्वास नसलेले जोगळेकर सरही हात जोडून उभे होते.

एका गोष्टीवर मात्र अडलं. वाटेच्या तोंडाशी मला बोलार्ड हवे होते. बोलार्ड म्हणजे बुटके खांब. त्यांच्यामधून माणूस जातो, व्हीलचेअर जाते, गाडी अडते.

"खांब नकोत, मॅडम," सुर्वे म्हणाले.

"का?"

"शिमग्याला पालखी आत जाते. देवीच्या वाटंत खांब रोवले तर लोकं मला गावात ठेवतील काय?"

"पालखी आजवर पायवाटेनंच जात होती ना?"

"तेवा वाट नव्हती. आता हाय."

मी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. वाट गावाच्या राजीखुशीने होतेय, दोन खांबांवरून बिनसायला नको, असं त्यांना वाटलं. मलाही पटलं. खांब ड्रॉइंगवरून गेले.

वाट पुरी झाली आणि शुभांगीताई आत गेल्या. कोणाचा हात न लागता, आपल्या हाताने चाकं फिरवत. गारंबीची मांडीएवढी जाड वेल वाटेवरून आडवी गेली होती, तिच्याखाली त्या थांबल्या. वेलीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, तू होतीस तिथेच आहेस की!" मग थेट देवळासमोर जाऊन थांबल्या. मी तेवीस मजली काम केलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. त्यानंतर त्या जवळजवळ रोज सकाळी यायच्या.

पालखी त्या शिमग्याला थाटात आत गेली. आणि शिमग्यानंतर एका सकाळी शुभांगीताईंचा मला फोन आला.

"राईत टेम्पो आलाय."

"काय आलंय?"

"तीनचाकी टेम्पो. खडी भरलेला. मला बाजूला व्हायला जागा नव्हती म्हणून मीच मागे मागे आले. ड्रायव्हर बिचारा सज्जन आहे, उतरून खुर्ची धरली त्याने."

मी स्कूटर काढून पळाले. टेम्पो पाच फुटांत नेमका बसत होता, दोन्हीकडचे चिरे जरा घासत. वळणांवर तर त्याला अडचणच नव्हती. माझं धुम्मस इतकं पक्कं होतं की भरल्या टेम्पोखालीही चुरा दबला नाही. देवळासमोर खडी, वाळू आणि सिमेंटच्या गोण्या रचून ठेवल्या होत्या.

सुर्वे तिथेच होते. त्यांनी काही लपवलं नाही. वाडीच्या मुंबईकर मंडळाला देवळापुढे सभामंडप बांधायचा होता. वर स्लॅब, खाली टाइल्स. इच्छा फार जुनी होती. पण त्या मुळांच्या चढावरून डोक्यावर माल वाहायला कोणी मजूर तयार होत नसे. एवढ्याच कारणाने काम राहिलं होतं.

"कौल घेतला काय?" सरांनी विचारलं.

"घेतला तर! उजवा पडला. तुमच्या वाटेला आई हो म्हणाली, मंडपाला नाय कशी म्हणेल?"

"पण झाडं जातील, सुर्वे. तो बेहडा जाईल. त्याच्यावरच गारंबी चढलीय."

"सर, आमची बायामाणसं पावसापाण्यात उघड्यावर बसतात. तुमी ताईंची सोय केलीत, आमी सगळ्यांची करताव. सोय ती सोयच."

माणूस खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी संस्थेची मीटिंग बसली. शुभांगीताईंनी सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं. "वाट उखडा. उद्याच्या उद्या. अजून सळया यायच्यात, निम्मं सिमेंट यायचंय. मधली दोन वळणं उखडलीत तरी टेम्पो थांबेल."

"ताई, मग तुम्ही येणार कशा?" मी म्हटलं.

"नाही येणार. एवढी वर्षं नाही आले, राई तर होती."

आम्हाला ते ऐकवेना. एक जण म्हणाला, बाकीच्या दिव्यांग लोकांचं काय? दुसरा म्हणाला, गावाशी वैर होईल. सर म्हणाले, आधी बोलणी करू. मला स्वतःला माझी वाट मोडवत नव्हती, हेही खरं. जिच्यासाठी वाट केली तिचंच मत आम्ही तिच्याच भल्याच्या नावाखाली बाजूला ठेवलं. याचं मला आजही वाईट वाटतं, टेम्पोपेक्षाही जास्त.

बोलणी चालू राहिली आणि टेम्पोही. मृगाच्या आत स्लॅब पडला. बेहडा गेला, आणखी काही झाडं गेली. गारंबी कोणी मुद्दाम तोडली नाही, पण आधारच गेल्यावर ती खाली आली आणि वाळली. मंडप झाला तसे सुर्वे आपण होऊन म्हणाले, "आता रोवा तुमचे खांब. पालखीपुरते काढता येतील असे करा." मी तसे करून दिले. कुलूप लावता येतं त्यांना. हे मला आधीही सुचायला हरकत नव्हती.

मंडप चांगला झालाय. पंखे आहेत, स्टीलची रेलिंग आहे. अपार्टमेंटमधली माणसं संध्याकाळी येऊन बसतात, वाट सोयीची आहे म्हणून संस्थेला दुवा देतात. शुभांगीताई त्यानंतर एकदाच आल्या. टाइल्सवर खुर्ची छान सरकते. मंडपाच्या मधोमध थांबून त्यांनी वर स्लॅबकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "सोय उत्तम झाली हो. आता यायचं कशाला, तेवढं बघायला हवं."

मी त्यांची खुर्ची वळवून दिली.

अजूनही मी वाटा करते. फक्त काम हातात घेण्याआधी एक विचारते, की इथली अडचण आजवर काय काय राखत आली आहे? क्लायंटना हा प्रश्न आवडत नाही. ते म्हणतात, मॅडम, तुम्ही एस्टिमेट द्या.