साठ आपल्या, एक देवाची

पोखर्णीच्या रस्त्याकडेला माझं शेत आहे. तिथं स्कूटर वळवताना मागच्या कॅरियरला कोंडाबाईची वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, अडकली. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली, चढ ओढवत नाही. म्हणून आणखी जोर दिला. मागं पाहतो तर जाळी माझ्याकडं आणि मेंढ्या चहूकडं.

"मास्तर, वरात कुणाची काढायलात?" कोंडाबाई ओरडली.

दर उन्हाळ्यात ही बाई खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवते. कळप एकसष्टाचाच. वाढल्या की विकते, घटल्या की घेते, आकडा सोडत नाही. सासूनं घालून दिलेला नेमच तसा: साठ आपल्या, एक देवाची. सांजेला दोन खुंट्यांमधून मेंढ्या जोडीनं आत सोडायच्या. शेवटी एकटी आली की ती त्या दिवशीची देवाची, आणि कळप पुरा.

मी गणिताचा मास्तर. एकसष्टावर माझा भारी जीव. दोनानं, तिनानं, चारानं, पाचानं, सहानं कसंही मोजा, एक उरतोच. हट्टी आकडा, कुणाला सारखा वाटूनच घेता येत नाही.

दिवस बुडायला आला तेव्हा कुठं मेंढ्या गोळा झाल्या. कोंडाबाई खुंट्यांशी उभी राहिली. जोडी, जोडी, जोडी... शेवटीही जोडीच आली. मागं कुणी नाही.

"देवाची न्हाई आली," ती हळू म्हणाली. कळपावरून नजर फिरवली. "काळ्या कानाची दिसंना. आज-उद्या व्यायची व्हती."

कालव्याकाठी मोकाट कुत्र्यांनी नुकतंच एक करडू फाडलं होतं.

"मोजण्यात चुकलं असेल. तीन-तीन सोडू," मी म्हणालो. सोडल्या, उरलं नाही काही. चारानं सोडल्या, पाचानं सोडल्या. साठ हा असा लाघवी आकडा, कुणीही कसंही वाटा, हसतमुखानं वाटून घेतो. वर्गात मी त्याचं कोण कौतुक करायचो! त्या सांजेला त्याचा गळा धरावासा वाटला.

"आता सहा-सहानं..."

"मास्तर, तुमी नुसता भाग लावायलात. मेंढी काई यायली न्हाई!"

तेवढ्यात कालव्याकडून भुंकणं आलं. कोंडाबाईनं कान दिला.

"थांबा. आपलं कुत्रं कुठंय?"

मेंढ्यांच्या नादात तिच्या राखणीच्या कुत्र्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. ती काठी घेऊन धावली, मागं मी. माझी एक चप्पल ढेकळातच राहिली.

बाभळीआडच्या चरात काळ्या कानाची पडली होती. तिच्या पुढ्यात कोंडाबाईचं कुत्रं अंग फुलवून उभं, समोर मोकाट कुत्र्यांचं टोळकं दात विचकत. कोंडाबाईनं काठी फिरवली. मी उरलेली चप्पल नेम धरून मारली; ती आमच्याच कुत्र्याला लागली. पण टोळकं पांगलं. मेंढीच्या पोटाशी ओलं पिल्लू उभं राहायला धडपडत होतं.

परतताना पिल्लू कोंडाबाईच्या पदरात, मेंढी मागं हुंगत. खुंट्यांमधून काळ्या कानाची एकटीच आत गेली. एकसष्ट! मला भरून आलं, आणि लगोलग मास्तरकीही जागी झाली.

"कोंडाबाई, हे मोठं झालं की बासष्ट होणार. जोडीनं सोडल्यावर काहीच उरणार नाही. मग देवाची कुठली धरायची?"

तिनं पिल्लू उताणं करून पाहिलं.

"नर हाय, इकायचा."